विश्लेषण : एकांकिकेत पहिला, निकालात केटी! कर्जत-खालापूरच्या नाटकवेड्या विद्यार्थ्यांना सल्ला देणार कोण?

पावसाळा सुरू झाला की मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत युवा महोत्सवाचे वारे वाहू लागतात. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील मुलेही एकांकिका, स्किट, मूकाभिनयाच्या तालमींना लागतात. याच दिवसांत हजेरी घसरते, अंतर्गत परीक्षा चुकते आणि सत्राच्या निकालात केटी दिसते. पुढे नाट्यशिक्षणासाठी मुंबई किंवा दिल्लीला जायचे ठरवले, तर तिथे पहिला प्रश्न पदवीचाच येतो. अभिनय शिकवणारे शिबिरातही भेटतात, मात्र नाटक आणि पदवी यांची सांगड घालून देणारा माणूस सहसा भेटत नाही. नवे शैक्षणिक धोरण, त्यातील श्रेयांक आणि शिष्यवृत्त्यांचे नियम पाहता त्याची गरज आता पूर्वीपेक्षा अधिक आहे.

नाटकाची पदवी जवळ कुठे मिळते?

कर्जत आणि खालापुरात बारावीनंतरचा सरळ मार्ग म्हणजे कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेची पदवी. कर्जतला कोकण ज्ञानपीठाचे महाविद्यालय आहे, खोपोलीला के.एम.सी. महाविद्यालय आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. ज्याला बारावीनंतर थेट नाटकातच पदवी करायची आहे, त्याच्यासाठी सर्वांत जवळचा जुना सार्वजनिक पर्याय म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात गुरुकुल पद्धतीने नाटक, संगीत आणि नृत्य शिकवले जाते. तिथे प्रवेश परीक्षेतून निवड होते. छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर इथल्या विद्यापीठांतही नाट्यशास्त्राचे विभाग आहेत, पण कर्जतकरासाठी ते घर सोडूनच शिकण्याचे पर्याय आहेत.

मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स कालिना संकुलात आहे. वामन केंद्रे यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये ती उभी राहिली. मात्र तिथला दोन वर्षांचा मुख्य अभ्यासक्रम पदव्युत्तर आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या पदविकेलाही आधी पदवी लागते. म्हणजे अकरावीत ‘मला एनएसडीला जायचंय’ म्हणणाऱ्या मुलाला मधली तीन वर्षे कुठल्या ना कुठल्या पदवीत काढावीच लागतात. ती कशी काढायची, हा या लेखाचा विषय.

भूगोलाचा एक विरोधाभास इथे नोंदवायला हवा. कर्जत स्थानक मुंबईच्या सीएसएमटीपासून १०० किलोमीटरवर आहे आणि पुणेही जवळपास तितकेच दूर आहे. घाट चढण्यासाठी मागून इंजिने जोडायला पुण्याकडच्या गाड्या इथे थांबत आल्या आहेत. मराठी नाटकाची दोन मोठी शहरे अशी दोन्ही हातांच्या अंतरावर. तरी रात्री साडेआठचा प्रयोग पाहून खोपोलीला परतायचे म्हटले, तर कर्जतहून पुढे जोडगाडी मिळेलच याची खात्री नसते. व्यावसायिक नाटक पाहायचे तर पनवेलचे वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह किंवा कल्याणचे अत्रे रंगमंदिर गाठावे लागते. नाटक करणारे, पण फारशी नाटके न पाहिलेले विद्यार्थी तयार होतात ते यामुळेही.

तालमीत हजेरी किती जाते?

विद्यापीठाच्या नियमानुसार सरासरी ७५ टक्के हजेरी लागते. एका सत्रात अध्यापनाचे साधारण ९० दिवस धरले जातात. समजा, कशेळ्याहून एसटीने येणारी एक विद्यार्थिनी एकांकिकेसाठी २० दिवस वर्गात बसली नाही. तिची हजेरी ७० दिवस, म्हणजे जवळपास ७८ टक्के. नियमात बसते. त्यानंतर ती तापाने आजारी पडली किंवा पावसाने रस्ता बंद झाला आणि आणखी तीन दिवस गेले, की आकडा ७४ टक्क्यांवर येतो. तीन दिवसांचा हा फरक जुलैमध्ये कोणी तिला कागदावर करून दाखवत नाही. ऑक्टोबरमध्ये फलकावर लागलेल्या यादीतून तो कळतो.

आणि पाऊस हा इथे गृहीत धरण्याचाच भाग आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. कर्जतहून मुंबईला जाण्याचा नेहमीचा लोहमार्ग तोच. विभागीय फेरी जवळ असली तरी अंतिम फेरी मुंबईकडे असते आणि नेपथ्याचे सामान घेऊन लोकलच्या मालडब्यातून जाणारा गट हे नेहमीचे चित्र आहे.

यावर उपाय अगदी साधा आहे. तालमीचे वेळापत्रक ठरवताना सांस्कृतिक विभागाच्या शिक्षकांनी संघातील प्रत्येकाची तोवरची हजेरी समोर ठेवायची. ज्याची आधीच कमी आहे त्याची तालीम दुपारनंतर किंवा सुटीच्या दिवशी लावायची. महोत्सवासाठी महाविद्यालयाच्या वतीने बाहेर गेलेल्या दिवसांची नोंद त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांकडे द्यायची. अंतर्गत परीक्षा चुकणार असेल, तर अर्ज परीक्षेआधी करायचा. नंतर केलेला अर्ज विनंती ठरतो, आधी केलेला अर्ज नोंद ठरतो आणि कार्यालयात या दोन्हींची किंमत वेगळी असते.

श्रेयांक पद्धतीने काही बदलले का?

बदलले आहे, आणि ते नाटकवाल्यांच्या बाजूने आहे. राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा आराखडा जाहीर केला. संलग्न महाविद्यालयांत तो २०२४-२५ पासून लागू झाला. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला वैकल्पिक, कौशल्य असे कप्पे त्यात आहेत. त्यातच ‘सहअभ्यासक्रम’ नावाचा एक कप्पा आहे. क्रीडा, योग, एनएसएस, एनसीसी यांच्याबरोबर सांस्कृतिक उपक्रम आणि प्रयोगजीवी कला यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पहिल्या दोन वर्षांत मिळून या कप्प्याला आठ श्रेयांक दिलेले आहेत.

आता तासांचे गणित करून पाहावे. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास. दोन श्रेयांकांना ६० तास. एका एकांकिकेची तालीम रोज तीन तास, २० दिवस चालली तर बरोबर ६० तास होतात. युवा महोत्सवाच्या राष्ट्रीय नियमांत एकांकिकेला ३० मिनिटे आणि जास्तीत जास्त नऊ जण असतात. त्या अर्ध्या तासामागे ६० तास लागतात, हे कुठल्याही संघाला विचारले तरी कळेल. अनेकदा जास्तच लागतात. म्हणजे हे काम करूनही विद्यार्थ्याने पहिल्या सत्रात सवयीने दुसराच उपक्रम निवडलेला असेल, तर त्याने तालमीचे ६० तासही दिले आणि श्रेयांकासाठी आणखी ६० तासही दिले.

इथे एक पण आहे. सांस्कृतिक उपक्रमाचा पर्याय त्या महाविद्यालयाने प्रत्यक्ष देऊ केलेला असावा लागतो. त्यासाठी शिक्षक हवा, हजेरीपट हवा, मूल्यमापनाची पद्धत हवी. नुसते प्रमाणपत्र आणून दिले की श्रेयांक खात्यात जमा होतात, असा समज अनेकांचा असतो. तसे होत नाही. पर्याय सत्राच्या सुरुवातीला निवडावा लागतो आणि प्रवेशाच्या धावपळीत तो अर्ज बहुतेक वेळा मित्राने भरला तसा भरला जातो. पाच मिनिटांचा सल्ला उपयोगी पडायचा क्षण हाच.

खुल्या वैकल्पिक विषयाचेही तेच. वाणिज्यचा विद्यार्थी साहित्य किंवा माध्यमांशी जवळचा विषय घेऊ शकतो, महाविद्यालयाच्या यादीत असेल तर. पदवीच्या शेवटच्या टप्प्यातील प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण मुख्य विषयाशी संबंधित असावे लागते, पण ते नाटकाच्या परिघातही बसवता येते. लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्याने निर्मिती संस्थेचे हिशेब पाहणे, व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने नाट्यमहोत्सवाचे नियोजन करणे, मराठीच्या विद्यार्थिनीने संहितेच्या संपादनात मदत करणे हे सगळे विभागप्रमुखांना पटवून देण्यासारखे आहे. पटवायला जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात, एवढेच.

केटीचा फटका नेमका केव्हा बसतो?

लगेच बसत नाही, म्हणूनच तो धोकादायक आहे. पहिल्या वर्षाचा एक विषय राहिला तरी दुसऱ्या वर्षी वर्गात बसता येते, पुढच्या एकांकिकेत कामही करता येते. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस मात्र हिशेब होतो. नाट्यशाळांच्या प्रवेशाची जाहिरात येते, अर्जात पदवीची गुणपत्रिका मागतात आणि पहिल्या वर्षाचा पर्यावरण किंवा सांख्यिकीचा एक पेपर आडवा येतो. प्रवेशाचे एक वर्ष जाते. ज्या घरात मुलाला ‘अजून एक वर्ष’ द्यायची ऐपत नाही, तिथे ते वर्ष परत येत नाही. खोपोलीच्या किंवा सावरोलीच्या कारखान्यात कंत्राटी काम मिळते, शिफ्ट सुरू होते आणि नाटक गणेशोत्सवापुरते उरते.

यावर हमखास दिले जाणारे उत्तर असे, की मराठी रंगभूमीवरची मोठी माणसे नाटकाची पदवी घेऊन आली नव्हती. खरेच आहे. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, काशीनाथ घाणेकर दंतवैद्य, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ आणि सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. याच आळेकरांनी पुढे ललित कला केंद्राचे नेतृत्व केले. पण या उदाहरणांतून निघणारा अर्थ उलटा आहे. या सगळ्यांनी आपापली अवघड पदवी पूर्ण केली होती. शिवाय त्यांच्यापैकी पुण्यात घडलेल्यांच्या भोवती महाविद्यालय, १९६३ पासूनची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा, भालबा केळकरांची पीडीए आणि १९७३ नंतर थिएटर अकॅडमी अशी माणसांची साखळी होती. कुठला पेपर कसा काढायचा, कुठली तालीम सोडायची, हे सांगणारे ज्येष्ठ तिथे संध्याकाळी भेटतच. नेरळ किंवा चौकच्या मुलाला ती साखळी आयती मिळत नाही. ती संस्थेला मुद्दाम तयार करावी लागते.

मेंटॉर तर सगळीकडे असतात ना?

कागदावर असतात. नॅकच्या मूल्यांकनात मेंटॉर आणि विद्यार्थ्यांचे प्रमाण विचारले जाते, त्यामुळे प्रत्येक शिक्षकाच्या नावे विद्यार्थ्यांची यादी असते. अडचण अशी, की नाटक करणाऱ्या मुलाचे आयुष्य तीन माणसांत विभागलेले असते. मेंटॉरला त्याचे गुण माहीत असतात. सांस्कृतिक विभागाच्या शिक्षकांना त्याची भूमिका माहीत असते. बाहेरून येणारा दिग्दर्शक, जो बहुतेक वेळा त्याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी असतो, त्याला मुलाची कुवत सर्वांत चांगली माहीत असते, पण परीक्षेच्या तारखा माहीत नसतात. हे तिघे सत्रातून एकदाही एकत्र बसत नाहीत.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या नाट्यविभागांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक शैक्षणिक सल्लागार ठरवून दिलेला असतो. पुढच्या सत्राचे विषय नोंदवण्याआधी त्याला भेटावे लागते. काही ठिकाणी ही भेट झाल्याशिवाय नोंदणीच उघडत नाही. प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगमंच व्यवस्था यांवर केलेल्या कामालाही श्रेयांक असतात, त्यामुळे प्रत्येकाने केवळ अभिनयच करायचा, असा दबाव राहत नाही. त्या विभागांकडे पैसा आणि कर्मचारी आहेत, त्यांची नक्कल इथे होणार नाही. पण सत्राच्या सुरुवातीची एक सक्तीची भेट आणि सत्राच्या मध्यावर हजेरीची एक तपासणी यांना पैसा लागत नाही. दहा-पंधरा जणांच्या नाट्यसंघासाठी एका शिक्षकाची दोन दुपारची कामे आहेत ही. शिक्षकाच्या कामाच्या तासांत ती मोजली जावीत, हा आग्रह मात्र योग्य आहे. तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाकडून ती फुकट करून घेणे बरोबर नाही.

बोलीचे काय करायचे?

या दोन तालुक्यांत आगरी, कुणबी, ठाकर, कातकरी समाजाची मुले महाविद्यालयात येतात. घरी एक बोली, वर्गात दुसरी मराठी आणि रंगमंचावर तिसरी. ‘तुझा ण आणि ळ सुधार’ हे त्यांना पहिल्या तालमीत ऐकवले जाते. प्रमाण उच्चार हे नटाचे एक साधन आहे आणि ते शिकलेच पाहिजे, यात वाद नाही. पण ते शिकवताना घरची बोली ही चूक असल्यासारखी वागणूक मिळाली, तर ठाकरवाडीतून आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी तालमीला येत नाही. तिने येणे थांबवल्याची नोंद कुठेही होत नाही. हे प्रकरण गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून सल्लागाराच्या नजरेतही सहज येत नाही.

याच्या उलट, बोली हे अशा विद्यार्थ्याचे भांडवल ठरू शकते. नाट्यशाळेच्या मुलाखतीत शहरी मुलांसारखेच एक स्वगत म्हणून दाखवणाऱ्यापेक्षा आपल्या वाडीतला प्रसंग आपल्या भाषेत उभा करणारा परीक्षकांच्या लक्षात राहतो. एनएसडीच्या प्रवेशासाठी हिंदी आणि इंग्रजीची कामापुरती जाण लागते, ती मात्र वेगळी तयारी आहे. रोज एक हिंदी पान मोठ्याने वाचणे ही त्याची स्वस्तातली सुरुवात.

पैशाची मदत कुठून मिळू शकते?

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. १८ ते २५ वयोगट, दरमहा ५ हजार रुपये, दोन वर्षे. देशभरात ४०० जागा. नाटक, मूकाभिनय आणि लोकनाट्य त्यात येतात. पण गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिकल्याची अट आहे. शास्त्रीय संगीतात दहाव्या वर्षी तालीम सुरू करणाऱ्याला ती सोपी, महाविद्यालयात येऊन पहिली एकांकिका करणाऱ्याला जवळपास अशक्य. लोककलेच्या घरातील मुलांना मात्र ती लागू पडू शकते. वडील किंवा काका ज्या मंडळात वादन-गायन करतात, तिथले शिक्षण हेही शिक्षणच आहे आणि ते लेखी स्वरूपात आणता येते. अशा मुलांपर्यंत ही माहिती पोहोचवणे हे खरे सल्लागाराचे काम.

पदवीनंतर किंवा बारावीनंतर शहरात राहून शिकायचे असेल, तर नाटकासाठीची नव्हे, शिक्षणासाठीची मदत शोधावी. अनुसूचित जमातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांत भोजन, निवास आणि निर्वाहासाठी मिळून वर्षाला ६० हजार रुपये खात्यात जमा होतात. रायगडसाठी आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय पेणला आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. शुल्काच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळतात. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही तीन कामे तालमीच्या हंगामाआधी उरकली नाहीत, तर पुढे कोणालाही वेळ नसतो.

स्टुडिओ जवळ असल्याचा फायदा होतो का?

होतो, आणि तोटाही. कला दिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये चौक-कर्जत रस्त्यावर एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चे भव्य सेट इथलेच. देसाई यांचे २ ऑगस्ट २०२३ रोजी निधन झाल्यानंतर स्टुडिओच्या भवितव्याची बरीच चर्चा झाली. नेपथ्य कसे उभे राहते, सुतार, रंगारी आणि मोल्डिंग करणारे कारागीर काय करतात, हे पुस्तकाबाहेर पाहण्याची संधी तालुक्यातच असणे ही मोठी गोष्ट आहे. महाविद्यालयांनी क्षेत्रभेटी त्यासाठी वापराव्यात.

तोटा असा, की चित्रीकरण आले की गर्दीच्या दृश्यांसाठी रोजाने मुले लागतात. दिवसाचे रोख पैसे मिळतात, बारा तास उभे राहावे लागते आणि अभिनयाचे शिक्षण शून्य. सुटीत एकदा केले तर अनुभव, सत्रात दहा वेळा केले तर हजेरीचा प्रश्न. ऑडिशनसाठी, ‘कार्ड’साठी किंवा फोटोसाठी कोणी आगाऊ पैसे मागत असेल, तर तिथून निघून यावे, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे.

तालीम अनेकदा महाविद्यालयाबाहेर होते. समाजमंदिरात, कोणाच्या गच्चीवर, परगावच्या स्पर्धेत. तिथे गैरवर्तन झाले, तर ‘ते बाहेर घडले’ असे सांगून विषय टाळला जाऊ शकतो. यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांत संकुलाची व्याख्या व्यापक आहे. विद्यार्थी म्हणून केलेला प्रवास आणि सांस्कृतिक महोत्सवांची ठिकाणे त्यात येतात. तक्रार महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत करता येते. रात्रीच्या तालमीनंतर मुली घरी कशा जाणार, शेवटची एसटी किती वाजता, हे ठरल्याशिवाय तालमीची वेळ ठरवू नये. मनावर ताण येत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते. भूमिका काढून घेतली गेल्यावर खचणारी मुले असतात. त्यांच्याकडे ‘नाटकी आहे’ म्हणून पाहणे सोपे, पण चुकीचे.

घरच्यांना काय सांगायचे?

‘नाटकाने पोट भरते का?’ या प्रश्नाला टाळता येत नाही आणि खोटे उत्तरही देऊ नये. व्यावसायिक नाटकात प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते, महिन्याचा पगार नाही. मालिकांत कामाचे पैसे हाती यायला तीन महिने लागणे नेहमीचे. पण अभिनयाबाहेर ध्वनी, प्रकाश, रंगभूषा, निर्मिती व्यवस्थापन, लेखन, शाळांतील नाट्यप्रशिक्षण ही कामे आहेत आणि त्यांतील अनेकांना पदवीचा थेट उपयोग होतो. शिक्षक व्हायचे तर बी.एड. लागते आणि बी.एड.ला पदवी. पालकांना महाविद्यालयात बोलावून हे शिक्षकांनी सांगितले, तर घरातला अर्धा वाद मिटतो. मुलाने सांगितले तर तो वाढतो, असा अनुभव सार्वत्रिक आहे.

घरची गरज इतकी तातडीची असेल की नियमित महाविद्यालय झेपतच नाही, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण हा मार्ग आहे. पदवी तीही पदवीच. मात्र युवा महोत्सव पूर्णवेळ नियमित विद्यार्थ्यांसाठी असतो, हे प्रवेश बदलण्याआधी लक्षात घ्यावे. अशा विद्यार्थ्याला मग सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्था शोधाव्या लागतात.

पहिल्या वर्षापासून कोणते कागद जपावेत?

एनएसडीच्या अर्जासाठी पदवीबरोबर किमान सहा नाट्यप्रयोगांतील सहभागाचा अनुभव मागितला जातो. तीन वर्षांत दोन युवा महोत्सव, एखादी बाहेरची एकांकिका स्पर्धा, एक पथनाट्य, एक हौशी नाटक, एकदा पडद्यामागचे काम असे धरले तरी सहा भरतात. पुरावे मात्र भरत नाहीत. गटाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप स्पर्धेनंतर महिन्याभरात शांत होतो, फोन बदलला की छायाचित्रे जातात आणि सहभागाचे प्रमाणपत्र सांस्कृतिक विभागाच्या कपाटात राहते. प्रत्येक प्रयोगाची तारीख, ठिकाण, संहितेचे आणि लेखकाचे नाव, आपली भूमिका किंवा काम, दिग्दर्शकाचे नाव आणि एक छायाचित्र एवढी नोंद प्रयोगाच्याच आठवड्यात करून ठेवावी. जाहिरातीच्या पत्रकाची प्रत, प्रमाणपत्र आणि प्रत्येक सत्राची गुणपत्रिका स्कॅन करून डिजिलॉकर किंवा ईमेलवर टाकावी. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक जमा झाले आहेत का, हे निकालानंतर पंधरवड्यात पाहावे. नसतील तर परीक्षा विभागात लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.